मिरजेतला हाडांचा दवाखाना, आईचं मनगट आणि फायबर प्लास्टर (५ पैकी ४ स्टार)

आई मोरीत घसरून हातावर पडली आणि उजवं मनगट गेलं. जेवणाचा काटा जसा मानेपाशी उचललेला असतो तसा हात दिसत होता. शेजारच्या काकू म्हणाल्या हाडवैद्याकडे न्या, चोळून कामट्या बांधून देईल, पण आम्ही सरळ इथं आणलं आणि ते फार बरं केलं, कारण मोडलेलं हाड चोळलं तर सरकलेले तुकडे अजून सरकतात आणि सूज आलेल्या हातावर घट्ट बांधलं तर रक्तपुरवठाच अडतो.

सगळ्यात आधी सिस्टरनी बघितल्या त्या आईच्या बांगड्या. एक्स-रे नंतर, पेपर नंतर. आई काढू देईना, बाबा समोर बसलेले ना. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, सूज वाढायच्या आत वाढवूया, हात बरा झाला की बाबांना सांगून नवा चुडा भरा." मग बांगड्यांखाली गॉजची घडी सरकवून एकेक वाढवली आणि सोन्याची पाटली जेली लावून अलगद उतरवली, न कापता. या बाईंसाठीच मी निम्मे स्टार देईन!

डॉक्टरांनी एक्स-रे स्क्रीनवर लावून आम्हाला सगळ्यांना दाखवलं. याला कोलीस फ्रॅक्चर म्हणतात, १८१४ मध्ये कोलीस नावाच्या आयरिश सर्जननी याचं वर्णन केलं, तेव्हा एक्स-रे नव्हतेच, ते आले १८९५ ला. आईचं सांध्याच्या आत तुटलेलं नव्हतं म्हणून लगेच प्लेट टाकायची गरज नाही, बसवून बघू, पण पहिल्या दोन आठवड्यांत सरकू शकतं, सरकलं तर ऑपरेशनचं बोलू, असं स्पष्ट सांगितलं. मला हे फार आवडलं, घाबरवून ऑपरेशन गळ्यात मारणं नाही. मोडलेल्या जागीच भुलीचं इंजेक्शन दिलं, एकानी कोपराकडून धरलं, डॉक्टरांनी हात ओढून हाड जागेवर बसवलं आणि कच्चं प्लास्टर घातलं.

कच्चं का, तर ते एका बाजूनं मोकळं असतं, सुजेला जागा मिळते. जाताना कागदावर मराठीत लिहून दिलं की दुखणं वाढतच चाललं, बोटं सरळ करताना जीवघेणी कळ आली, मुंग्या आल्या किंवा बोटं पांढरी निळी पडली तर रात्री कितीही वाजता या. हात उशीवर उंच ठेवायचा, बोटं आणि खांदा रोज हलवायचे.

सूज उतरल्यावर परत एक्स-रे, हाड जागेवर होतं, मग पक्कं. इथं साधं की फायबर विचारतात. आम्ही फायबर घेतलं. पट्टी पाण्यात बुडवून गुंडाळली की काही मिनिटांत कडक, साधं प्लास्टर पूर्ण वाळायला एक-दोन दिवस जातात. हलकं आहे, आईला स्वयंपाकघरात एका हातानं वावरता आलं. पैसे जास्त पडतात हे खरं, आणि भिजवायचं मात्र नाही हं, वरचं फायबर भिजून बिघडत नाही पण आतला कापूस ओलाच राहतो आणि कातडी खराब होते. काढायच्या कटरला आई घाबरली होती. त्याचं पातं गरगर फिरत नाही, नुसतं थरथरतं, डॉक्टरांनी स्वतःच्या तळव्याला लावून दाखवलं तेव्हा तिनं हात पुढं केला.

अजून एक गोष्ट, साठीनंतर साध्या पडण्यानं मनगट मोडलं म्हणजे हाडं ठिसूळ असू शकतात, पुढं खुब्याचं हाड मोडायची भीती, म्हणून डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करायला लावला. त्यात टी-स्कोर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत आपली घनता किती याचा आकडा, उणे २.५ किंवा त्याच्या खाली आला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. आईचा खालीच आला, औषध सुरू झालंय. नुसतं हाड जोडून घरी पाठवलं असतं तर आम्हाला हे कळलंच नसतं.

एक स्टार कापला तो फिजिओथेरपीसाठी. प्लास्टर निघालं तेव्हा आईला मूठसुद्धा वळत नव्हती, आणि त्याच वेळी व्यायामासाठी गावात दुसरीकडे जा म्हणून चिठ्ठी दिली. म्हातारं माणूस घेऊन रिक्षानं दोन ठिकाणी फिरणं अवघड आहे, ती सोय इथंच करा ही मनापासून विनंती. बाकी नंबर सकाळी लवकर लावा आणि आधीचे एक्स-रे असतील तर सोबत ठेवा, डॉक्टर ते शेजारी शेजारी लावूनच बघतात.