असेंबल्ड संगणकासाठी एसएसडी : डब्ल्यूडी ब्लॅक एसएन७७०, १ टीबी

सुटे भाग घेऊन जुळवलेल्या मध्यम बजेटच्या संगणकात मुख्य ड्राइव्ह म्हणून कोणती एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह) लावावी, असे कोणी विचारले की मी डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) ब्लॅक एसएन७७० चे नाव घेतो. छायाचित्रांचे संपादन आणि पुस्तकांची मांडणी यांसाठी जुळवलेल्या संगणकात ती रोज वापरूनही माझे हे मत बदललेले नाही. मात्र दुकानदार ज्या कारणासाठी ती सुचवतात, म्हणजे खोक्यावर ठळक छापलेला वेग, ते कारण माझ्या लेखी दुय्यम आहे. एसएसडीची पारख खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावरून होत नाही. ती तांत्रिक तपशिलांच्या तक्त्यात खाली बारीक अक्षरांत लिहिलेल्या आकड्यांवरून आणि काही वेळा तर तिथे जे लिहायचे टाळलेले असते त्यावरून होते.

ही ड्राइव्ह फेब्रुवारी २०२२ मध्ये २५० जीबी, ५०० जीबी, १ टीबी आणि २ टीबी अशा चार क्षमतांत बाजारात आली. १ टीबीच्या ड्राइव्हसाठी कंपनी सलग वाचनाचा वेग सेकंदाला ५१५० मेगाबाइट आणि सलग लेखनाचा ४९०० मेगाबाइट सांगते. २५० जीबीच्या ड्राइव्हला हेच आकडे ४००० आणि २००० असे आहेत, कारण लहान ड्राइव्हमध्ये साठवणीचे भाग कमी असतात आणि कंट्रोलरला, म्हणजे ड्राइव्हचा कारभार पाहणाऱ्या चिपला, एका वेळी कमी ठिकाणी लिहिता येते. जाहिरातीतला आकडा नेहमी मोठ्या क्षमतेचा असतो, हे लहान ड्राइव्ह घेणाऱ्याने लक्षात ठेवावे. १ टीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. हा केवळ मोजण्याच्या दोन पद्धतींमधला फरक आहे, त्यावरून दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही.

या वेगाचा उपयोग किती, हे कामावर ठरते. सलग वाचन म्हणजे एकच मोठी फाइल या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचणे. संगणक सुरू होताना, एखादे सॉफ्टवेअर उघडताना किंवा छायाचित्रांची सूची तयार होताना ड्राइव्हला चार-चार किलोबाइटचे हजारो तुकडे ठिकठिकाणाहून गोळा करावे लागतात, आणि अशा कामात, विशेषतः एका वेळी एकच तुकडा मागितला जात असताना, महागातली महाग एनव्हीएमई (एसएन७७० सारखी, नव्या वेगवान जोडणीची) ड्राइव्हही सेकंदाला साधारण ६० ते ९० मेगाबाइटच देते. त्यामुळे हार्ड डिस्कवरून एसएन७७० वर येणाऱ्याला संगणक नवा झाल्यासारखे वाटेल, पण चांगल्या साटा (जुन्या, संथ जोडणीच्या) एसएसडीवरून येणाऱ्याला संगणक सुरू होण्याच्या वेळेत फारसा फरक जाणवणार नाही. बाहेरच्या हार्ड डिस्कवरून छायाचित्रे उतरवतानाही हीच गत होते : ती डिस्कच सेकंदाला १२०-१५० मेगाबाइटच्या आसपास देणार, मग घेणाऱ्याची क्षमता पाच हजारांची असून काय उपयोग?

ड्राइव्ह निवडण्याआधी मदरबोर्डचे माहितीपुस्तक उघडावे, आणि या टप्प्यावर आपल्याकडे बरीच हेळसांड होते असे माझे निरीक्षण आहे. एम.२ हे केवळ आकाराचे नाव आहे. २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशा त्या पट्टीत साटा ड्राइव्हही असू शकते आणि एनव्हीएमई ड्राइव्हही. एसएन७७० पीसीआयई, म्हणजे मदरबोर्डवरच्या वेगवान जोडणीच्या, ४.० आवृत्तीवर चालते, ३.० च्या स्लॉटमध्येही ती बिनतक्रार चालते, फक्त वेग सेकंदाला साधारण साडेतीन हजार मेगाबाइटच्या खाली राहतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड न घेता काम भागवणारे अनेक जण रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेतात आणि सोबत बी५५० बोर्ड घेतात. बोर्डाच्या खोक्यावर पीसीआयई ४.० लिहिलेले असते, ड्राइव्हच्या खोक्यावरही तेच असते, आणि तरीही वेग ३.० चाच मिळतो, कारण तो प्रोसेसर ३.० च्या पुढे जात नाही. इंटेलच्या बाजूला याहून गोंधळात टाकणारी गोष्ट आहे. बी५६० बोर्डावर दहाव्या पिढीचा प्रोसेसर बसवला, तर प्रोसेसरला थेट जोडलेला पहिला एम.२ स्लॉट बंदच राहतो; त्यात लावलेली ड्राइव्ह बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये, दिसत नाही आणि माणूस ड्राइव्ह खराब निघाली असे समजून ती परत करायला निघतो. एच६१० च्या बहुतेक स्वस्त बोर्डांवर एम.२ स्लॉट ३.० चाच असतो. शिवाय अनेक बोर्डांवर दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये ड्राइव्ह लावली की साटाची एक-दोन पोर्ट बंद पडतात. जुन्या हार्ड डिस्क जोडून ठेवायच्या असतील तर हे आधीच पाहून घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. क्रुशल पी३ प्लस आणि एसएन७७० या दोन ड्राइव्ह दुकानात अनेकदा शेजारी-शेजारी ठेवलेल्या असतात. १ टीबीच्या पी३ प्लसचा सलग वाचनाचा वेग सेकंदाला ५००० मेगाबाइट आहे, म्हणजे खोक्यावरून पाहिले तर दोघींत नावापुरताच फरक. पण टीबीडब्ल्यू, म्हणजे हमीच्या काळात ड्राइव्हवर एकूण किती टेराबाइट लिहिले जाणे कंपनीला मान्य आहे, तो आकडा पी३ प्लसला २२० आहे आणि एसएन७७० ला ६००. दोन्हींची हमी पाच वर्षांची आहे. ६०० टीबीडब्ल्यू म्हणजे पाच वर्षे रोज साधारण ३२९ जीबी लेखन. २२० म्हणजे रोज १२० जीबी. घरगुती वापर यांपैकी कोणत्याही आकड्याच्या जवळपास जात नाही, तेव्हा पी३ प्लस लवकर झिजेल अशी भीती मी घालणार नाही. हा फरक महत्त्वाचा आहे तो वेगळ्या कारणाने : आत डेटा साठवणारी कोणती चिप आहे, हे त्यावरून कळते.

पी३ प्लसमध्ये क्यूएलसी चिप असतात, म्हणजे प्रत्येक पेशीत चार बिट साठवले जातात. एसएन७७० मध्ये टीएलसी, म्हणजे तीन. चौथा बिट साठवायचा तर विद्युतभाराच्या आठऐवजी सोळा पातळ्या अचूक ओळखाव्या लागतात, त्यामुळे लेखन मंदावते आणि पेशी लवकर थकते. हा मंदपणा झाकण्यासाठी दोन्ही प्रकारच्या ड्राइव्ह रिकाम्या जागेचा काही भाग एका पेशीत एकच बिट अशा पद्धतीने तात्पुरता वापरतात. ती राखीव जागा संपेपर्यंत सगळे काही वेगात चालते. ती संपली की चिपचा खरा स्वभाव दिसतो. सॅमसंगने आपल्या ८७० क्यूव्हीओ या क्यूएलसी साटा ड्राइव्हच्या बाबतीत हे प्रामाणिकपणे छापले होते : १ टीबीच्या ड्राइव्हमध्ये जास्तीत जास्त ४२ जीबी लिहून झाल्यावर लेखनाचा वेग सेकंदाला ८० मेगाबाइटवर येतो. हा वेग चांगल्या हार्ड डिस्कपेक्षाही कमी आहे. लग्नाच्या एका दिवसाचे चित्रीकरण एका दमात उतरवणाऱ्या माणसाला त्या ४२ जीबीचा टप्पा ओलांडायला वेळ लागत नाही. ज्याला केवळ गेम आणि चित्रपट साठवायचे आहेत, त्याने क्यूएलसी ड्राइव्ह दुसरी ड्राइव्ह म्हणून खुशाल घ्यावी. मुख्य ड्राइव्ह म्हणून मी ती सुचवणार नाही. एसएन७७० ची राखीव जागाही ड्राइव्ह भरत जाईल तशी आक्रसते, म्हणून पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवलेली बरी.

चिपचा प्रकार कंपनीने ठामपणे सांगितला नसेल तर काय होते, याची उदाहरणे आहेत. किंग्स्टनची एनव्ही२ ही ड्राइव्ह वेगवेगळे कंट्रोलर आणि वेगवेगळ्या चिप घालून एकाच नावाने विकली गेली. कोणाच्या हाती टीएलसी आली, कोणाच्या हाती क्यूएलसी. क्रुशल पी२ सुरुवातीला टीएलसी होती आणि २०२१ मध्ये त्याच नावाखाली क्यूएलसी झाली. वेस्टर्न डिजिटललाही यातून सूट देता येत नाही. २०२१ मध्येच त्यांच्या ब्लू एसएन५५० मधली चिप बदलल्याचे उघड झाले आणि राखीव जागा संपल्यानंतरचा लेखनवेग सेकंदाला सुमारे ६१० मेगाबाइटवरून ३९० वर आल्याचे दिसले. त्यावर कंपनीने असे जाहीर केले की, यापुढे छापील तपशिलांवर परिणाम होईल असा बदल केल्यास मॉडेलचा क्रमांकही बदलला जाईल. म्हणून ज्या ड्राइव्हचे जुने परीक्षण वाचून आपण ती घेणार आहोत, तिचेच अलीकडचे परीक्षणही शोधून पाहावे.

एसएन७७० मध्ये स्वतःची डीरॅम, म्हणजे वेगवान तात्पुरती स्मृती, नाही, हा तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप आहे. कोणता डेटा कुठे ठेवला आहे याची सूची महागड्या ड्राइव्ह स्वतःच्या डीरॅममध्ये ठेवतात. ही ड्राइव्ह त्यासाठी संगणकाच्या रॅममधला छोटासा भाग वापरते. रोजच्या कामात या उणिवेचा त्रास मला जाणवलेला नाही. प्रचंड मोठ्या डेटाबेसवर सतत विखुरलेले लेखन करणाऱ्याला तो जाणवू शकेल, पण त्या कामासाठी या वर्गातली ड्राइव्ह मुळात घेऊ नये. या उसन्या रॅमने एकदा खरी अडचण केली, ती २०२४ मध्ये. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आली तेव्हा २ टीबीच्या एसएन७७० ने नेहमीच्या ६४ मेगाबाइटऐवजी २०० मेगाबाइट रॅम मागून घेतली आणि अनेकांचे संगणक कोलमडून निळा पडदा दाखवू लागले. कंपनीने नवे फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतले सॉफ्टवेअर, देऊन हा दोष दूर केला. २ टीबीची ड्राइव्ह घेणाऱ्याने, विशेषतः दुकानात पडून राहिलेला जुना माल असेल तर, ती लावल्यावर पहिल्यांदा फर्मवेअर तपासावे. महाग ड्राइव्ह अशा दोषांपासून मुक्त असतात असेही नाही : सॅमसंग ९९० प्रोच्या सुरुवातीच्या ड्राइव्हमध्ये आयुष्याची टक्केवारी झपाट्याने घसरत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या आणि २०२३ च्या सुरुवातीला तिलाही फर्मवेअर द्यावे लागले.

ड्राइव्ह बसवणे सोपे आहे. ती तिरपी घालून मग आडवी दाबायची आणि एका बारीक स्क्रूने पक्की करायची. हा स्क्रू ड्राइव्हसोबत येत नाही, मदरबोर्डसोबत येतो, आणि बोर्डाच्या खोक्यातल्या छोट्या पिशवीसह तो हमखास हरवतो. एसएन७७० सोबत उष्णता शोषणारी पट्टी मिळत नाही. बोर्डाची स्वतःची अॅल्युमिनियमची पट्टी असेल तर ती वापरावी, आणि तिच्या खालच्या मऊ पॅडवरचा प्लास्टिकचा पापुद्रा आधी काढावा. ग्राफिक्स कार्डाच्या अगदी खाली असलेल्या स्लॉटमध्ये, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात, या पट्टीचा चांगलाच उपयोग होतो. आणखी एक गोष्ट : वीज अचानक गेली तर हातातले लेखन पूर्ण करण्यापुरती वीज साठवणारे कपॅसिटर सर्वसामान्य ग्राहकांसाठीच्या बहुतेक एसएसडींमध्ये नसतात. जिथे भारनियमन नित्याचे आहे तिथे ड्राइव्हच्या वरच्या श्रेणीसाठी पैसे मोजण्यापेक्षा यूपीएस घेणे केव्हाही शहाणपणाचे.

वरच्या श्रेणीत सॅमसंग ९९० प्रो आणि डब्ल्यूडीचीच एसएन८५०एक्स या डीरॅम असलेल्या ड्राइव्ह आहेत, आणि दोन्हींचा सलग वाचनाचा वेग सेकंदाला सात हजार मेगाबाइटच्या पुढे आहे. मोठ्या चित्रफितींचे संपादन हाच ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनी त्या अवश्य घ्याव्यात. इतरांसाठी मात्र एक गोष्ट बोलकी आहे : १ टीबीच्या या दोन्ही ड्राइव्हना टीबीडब्ल्यू ६०० च आहे, एसएन७७० इतकाच. वाचलेल्या पैशांत रॅम वाढवली किंवा १ टीबीऐवजी २ टीबी घेतली तर त्याचा उपयोग रोज दिसतो. पीसीआयई ५.० च्या ड्राइव्ह वेगाने आणखी पुढे आहेत आणि तापायलाही. साध्या असेंबल्ड संगणकात त्यांची गरज मला दिसत नाही. ज्यांच्या जुन्या बोर्डावर एम.२ स्लॉटच नाही, त्यांनी क्रुशल एमएक्स५०० किंवा सॅमसंग ८७० ईव्हीओ यांसारखी टीएलसी असलेली साटा ड्राइव्ह घ्यावी.

किंमत मुद्दाम लिहीत नाही, कारण चिपचे भाव इतके वरखाली होतात की आज लिहिलेला आकडा महिन्याभरात दिशाभूल करील. एसएन७७० मिळत नसेल किंवा तिचा भाव अकारण चढलेला असेल, तर तिच्यानंतर आलेली एसएन७१०० पाहावी; तिच्यातही डीरॅम नाही, चिप टीएलसी आहे, १ टीबीसाठी वाचनाचा वेग ७२५० आहे आणि टीबीडब्ल्यू तोच ६००. फेब्रुवारी २०२५ मध्ये सॅनडिस्क वेस्टर्न डिजिटलपासून वेगळी झाली आणि एसएसडीचा व्यवसाय तिच्याकडे गेला, त्यामुळे खोक्यावर वेगळे नाव दिसले म्हणून दचकण्याचे कारण नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा अन्य कुठल्याही संगणक बाजारात फिरताना एक मोह टाळावा. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांना पुरवल्या जाणाऱ्या ड्राइव्ह, उदाहरणार्थ सॅमसंगची पीएम९ए१, तिथे खोक्याविना आणि बऱ्याच कमी भावात मिळतात. ड्राइव्ह म्हणून ती उत्तम आहे, पण किरकोळ ग्राहकाला तिच्यावर सॅमसंगची हमी मिळत नाही, आणि फर्मवेअरसाठीही लॅपटॉपच्या कंपनीवर अवलंबून राहावे लागते. दुकानदार अशा वेळी आपल्या दुकानाची एक वर्षाची हमी देऊ करतो. त्यापेक्षा सीलबंद खोके घ्यावे, जीएसटीच्या पक्क्या बिलावर ड्राइव्हचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, आणि तो क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून हमी कोणत्या तारखेपर्यंत आहे हे पैसे देण्याआधीच, दुकानात उभ्या-उभ्या मोबाइलवर पाहून घ्यावे. दुकानदाराने त्याला आढेवेढे घेतले, तर त्या बाजारात पुढचे दुकान दहा पावलांवर असते.