प्रवासी भारतीय सन्मान : पदक मोलाचं, यादी मात्र मुकी

परदेशात राहणाऱ्या भारतीयांना भारत सरकार देतं तो सर्वोच्च सन्मान म्हणजे प्रवासी भारतीय सन्मान. मी शारजात राहते, एका मालवाहतूक कंपनीत हिशेब पाहते, माहेर चिपळूणचं. या सन्मानाच्या याद्या मी दर वेळी पहिल्या नावापासून शेवटच्यापर्यंत वाचते, आणि 2023 चा सोहळा इंदूरला सभागृहात बसून पाहिला. माझं मत आधीच सांगून टाकते. सन्मान खरा आहे आणि तो असायलाच हवा. पण तो लोकांपर्यंत ज्या पद्धतीने पोचवला जातो, त्यात सन्मानित माणसाचं काम हरवून जातं.

ज्यांना याची फारशी माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 9 जानेवारी 1915 ला गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून मुंबईला अपोलो बंदरावर उतरले. तो दिवस परदेशस्थ भारतीयांविषयी सरकारने नेमलेल्या लक्ष्मीमल्ल सिंघवी समितीच्या शिफारशीवरून प्रवासी भारतीय दिवस ठरला आणि 2003 पासून संमेलन सुरू झालं. आधी ते दरवर्षी व्हायचं, 2015 नंतर दोन वर्षांनी होतं. संमेलनाच्या समारोपाला राष्ट्रपती सन्मान देतात. पदक आणि मानपत्र असं त्याचं स्वरूप. निवड समितीचे अध्यक्ष उपराष्ट्रपती, उपाध्यक्ष परराष्ट्रमंत्री, आणि एका वेळी जास्तीत जास्त तीस सन्मान. माणसांप्रमाणे संस्थांनाही मिळतो.

पहिल्या वर्षीची दहा नावं आजही वाचण्यासारखी आहेत. वर्णद्वेषाविरुद्ध लढलेल्या डर्बनच्या फातिमा मीर त्यात होत्या, न्यायमूर्ती नवी पिल्लै होत्या, मस्कतचे व्यापारी कनकसी खिमजी होते. खिमजींचं नाव आखातात आम्ही वेगळ्या आदराने घेतो. ओमानमध्ये हिंदू माणसाला ‘शेख’ हा किताब मिळावा, याची कल्पना इथे राहिल्याशिवाय येत नाही.

आता इंदूर. पाहुणचाराला माझ्याकडून पूर्ण गुण. ‘पधारो म्हारे घर’ म्हणून योजना होती, त्यात शहरातल्या कुटुंबांनी पाहुण्यांना आपल्या घरी उतरवून घेतलं. मी रामबागेतल्या एका मराठी घरी होते. माळव्याचा हेल असलेलं त्यांचं मराठी, सकाळी पोहे-जिलबी, आणि रात्री काकूंनी हाताला धरून सराफ्याच्या खाऊबाजारात नेऊन खायला घातलेला गराडू, म्हणजे तळलेला कंद. हॉटेलात उतरले असते तर यातलं काही मिळालं नसतं. ब्रिलियंट कन्व्हेन्शन सेंटरमध्ये 9 तारखेला, पंतप्रधानांच्या कार्यक्रमाला, सभागृह अपुरं पडलं. लांबून आलेले कितीतरी प्रतिनिधी बाहेर राहिले आणि मुख्यमंत्र्यांनी मंचावरून जाहीर माफी मागितली. मी लवकर गेले होते म्हणून आत होते. पुन्हा कोणी जाणार असेल तर तासभर आधी जागा धरा, एवढंच सांगेन.

दुसऱ्या दिवशी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते सन्मान झाले. नाव पुकारलं जातं, माणूस मंचावर येतो, पदक घेतो, फोटो निघतो, की पुढचं नाव. टाळ्या सगळ्यांना सारख्याच. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी मला विचारलं, “हे इथिओपियावाले कोण?” हातातल्या यादीत बघितलं तर नाव कन्नन अंबलम, देश इथिओपिया, क्षेत्र समाजकल्याण. बस. पण अंबलम यांचं काम मी आधी वाचलं होतं, म्हणून मी त्या बाईंना सांगू शकले. हे मूळचे तमिळनाडूचे, तिकडे वोलेगा विद्यापीठात शिकवायला गेले. खेड्यापाड्यांतल्या नद्या-ओढ्यांना पूल नाहीत, पावसाळ्यात मुलं शाळेला मुकतात, माणसं वाहून जातात, हे त्यांनी पाहिलं. मग गावकऱ्यांना हाताशी धरून, तिथलंच लाकूड-दगड वापरून, अगदी कमी खर्चात पायपूल बांधायला लागले. एक झाला, दुसरा झाला, शेजारच्या गावाने मागितला. कोकणात वाढलेल्या माणसाला पऱ्ह्यावरच्या, म्हणजे ओढ्यावरच्या साकवाची किंमत सांगावी लागत नाही. माझ्या आजोळी साकव वाहून गेला की आम्हा मुलींची शाळा तिथेच थांबायची. एवढं मोठं काम यादीत ‘समाजकल्याण’ या एका शब्दात गुंडाळलेलं पाहून मला फार वाईट वाटलं.

त्याच यादीत जिनिव्हाजवळच्या सर्न या भौतिकशास्त्र संशोधन केंद्रात कणशोधक यंत्रांवर काम करणाऱ्या, मूळच्या झाशीच्या अर्चना शर्मा होत्या. त्यांच्यापुढे लिहिलं होतं विज्ञान-तंत्रज्ञान. 2025 ला भुवनेश्वरला जे सत्तावीस सन्मान झाले त्यांत ऑस्ट्रेलियाचे प्रा. अजय राणे आणि सिंगापूरचे अतुल तेमुर्णीकर ही नावं होती, आणि आमच्या मराठी मंडळाच्या गटावर लगेच अभिनंदनाचे संदेश सुरू झाले. राणे टाउन्सव्हिलला जेम्स कुक विद्यापीठात स्त्रियांच्या प्रसूतीनंतरच्या दुखापतींवर काम करणारे शल्यविशारद आहेत, हे गटातल्या किती जणांना माहीत होतं? यादीत त्यांच्यापुढे समाजसेवा लिहिलं होतं. आडनाव ओळखीचं दिसलं म्हणून आम्ही खूश झालो, काम कोणी विचारलंच नाही. दोष वाचणाऱ्याचा आहेच, पण माहिती समोर ठेवली असती तर लोकांनी नक्की वाचली असती.

माझ्या दृष्टीने या सन्मानाचा सर्वांत योग्य मानकरी 2015 चा, आमच्या शेजारच्या अजमानचा. अश्रफ थामरशेरी. केरळचा माणूस, गाड्या दुरुस्तीचा व्यवसाय. इथे मरण पावलेल्या परदेशी कामगारांचे मृतदेह त्यांच्या घरी पोचवायचं काम तो पैसे न घेता करत आला आहे. कुठल्या देशाचा, कुठल्या धर्माचा, हे विचारत नाही. 2018 ला श्रीदेवी दुबईत गेल्या तेव्हा त्यांचा देह ताब्यात घेण्याच्या कागदांवर त्याचीच सही होती, म्हणून भारतातल्या लोकांना त्याचं नाव कळलं. आखातातल्या मजुरांना ते आधीपासून ठाऊक होतं.

हे काम म्हणजे काय, ते मी जवळून पाहिलं आहे. आमच्या कंपनीतला एक फोर्कलिफ्ट चालवणारा, खेडचा, दुबईतल्या सोनापूरच्या कामगार कॅम्पात झोपेत गेला. पोलिसांचा कागद, मृत्यूचा दाखला, पासपोर्ट रद्द करणं, वकिलातीचं ना-हरकत पत्र, एम्बामिंग म्हणजे देह टिकवण्याची प्रक्रिया, शवपेटी, कार्गोची जागा. यातला एक कागद अडला की सगळंच थांबतं. आणि खेडहून त्याच्या बायकोचा दर तासाला फोन, “ताई, कधी आणताय त्यांना?” तेव्हा एक स्वयंसेवक पुढे आला. स्वतःची गाडी, स्वतःची रजा, आणि कुठल्या खिडकीवर कोणता कागद आधी द्यायचा याची पक्की माहिती. त्याच्यामुळे तो मुलगा घरच्यांना शेवटचा दिसला. संयुक्त अरब अमिरातीत 35 लाखांहून जास्त भारतीय आहेत, त्यांतले बहुसंख्य पगारी नोकर आणि मजूर. इथलं नागरिकत्व आम्हाला सहसा मिळत नाही, आज ना उद्या परत जायचंच असतं. अशा ठिकाणी कागद जाणणारा आणि दार उघडं ठेवणारा माणूस किती मोठा आधार असतो!

म्हणूनच मला एक गोष्ट खटकते. संमेलनाचे प्रमुख पाहुणे असलेल्या परदेशी राष्ट्राध्यक्ष-पंतप्रधानांनाही हाच सन्मान दिला जातो. 2017 ला बंगळुरूत पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान अंतोनियो कोश्ता, 2023 ला गयानाचे राष्ट्राध्यक्ष इरफान अली, 2025 ला त्रिनिदाद-टोबॅगोच्या राष्ट्राध्यक्षा क्रिस्टीन कंगालू. कोश्तांचं मला मनापासून कौतुक आहे. वडील ऑर्लांदो द कोश्ता मडगावात वाढलेले लेखक, घरात मुलाला हाक ‘बाबुश’, आणि त्याच दौऱ्यात ते मडगावच्या घरी जाऊन नातेवाइकांना भेटले. गोव्यात तेव्हा झालेला आनंद खराच होता. पण देशाच्या प्रमुखाला मान देण्याचे दुसरे मार्ग सरकारकडे आहेत. तीस जागांतली एक जागा तिकडे गेली की एखादा पूल बांधणारा किंवा शवपेट्या पोचवणारा दोन वर्षं मागे राहतो. उद्योजकांबद्दल मी असं म्हणणार नाही. नोकऱ्या देणं हेही मोठं काम आहे. फक्त 2023 ला अमिरातीतून आलेलं एकुलतं नाव उद्योगक्षेत्रातलं असावं, आणि कॅम्पांत राबणाऱ्यांसाठी झिजणारा एकही नसावा, हे प्रमाण मला पटत नाही.

परराष्ट्र मंत्रालयाने एवढं केलं तरी पुष्कळ होईल. यादी जाहीर करताना प्रत्येक नावाबरोबर शंभर-दीडशे शब्दांत काम लिहावं, आणि ते मराठी, मल्याळम, तेलुगू, भोजपुरी अशा भाषांत द्यावं, कारण या माणसांनी ज्यांच्यासाठी काम केलं ते इंग्रजी यादी वाचत नाहीत. समारंभातही एकेका मानकऱ्याला दोन मिनिटं बोलू द्यावं. सत्तावीस जणांचा एक तास होतो. भाषणांतून तेवढा वेळ सहज काढता येईल.

परदेशातल्या मराठी मंडळांनाही माझं सांगणं आहे. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब आपण पैशापैशाने ठेवतो, तसाच आपल्यातल्या अशा माणसांच्या कामाचाही ठेवा. तारीख, गाव, काय अडचण होती, काय केलं. नाव सुचवायची वेळ येते तेव्हा हेच कागद लागतात, आणि नेमके तेच कोणाकडे नसतात. दोन वर्षांच्या हिशेबाने पुढचं संमेलन 2027 च्या जानेवारीत यायला हवं. आम्ही त्या स्वयंसेवकाचं काम लिहून काढायला घेतलं आहे. त्याने ज्यांना मदत केली त्या घरांकडून पत्रं मागवतोय, आणि खेडच्या वहिनींनी त्यांचं पाठवलंसुद्धा.