केमनची वाट पाहताना चालवलेली एम टू

पोर्शेच्या ७१८ केमन या स्पोर्ट्स कारची मागणी नोंदवून मला तीन महिने झाले होते. रंग, चाके आणि आसनांचे चामडे ग्राहकाने निवडल्यावर ही गाडी तेव्हा जर्मनीत तयार होई आणि मग जहाजाने इकडे येई, त्यामुळे उशिराबद्दल माझी तक्रार नव्हती. परंतु वाट पाहणाऱ्याच्या मनात ज्या शंका शिरतात त्या माझ्याही मनात शिरल्या. त्यांतली सर्वांत टोचणारी शंका अशी, की बऱ्याच कमी किमतीत दीडपट ताकदीची बीएमडब्ल्यू एम टू मिळत असताना आपण ती चालवूनही का पाहिली नाही. अखेर २०२४ च्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, सकाळी सात वाजता, ती गाडी चाचणीसाठी नेरूळला आमच्या सोसायटीच्या दारात येऊन उभी राहिली. परवान्याची प्रत आणि एक सही एवढ्यावर औपचारिकता संपली. सोबत शोरूमचा तरुण प्रतिनिधी होता, आणि मागे बसायला माझी अकरावीतली मुलगी.

एम टूच्या बाह्यरूपाविषयी फारसे लिहीत नाही. पुढच्या बंपरमधली चौकोनी भोके पाहून कुणीतरी घाईत करवतीने काम उरकले असावे असे वाटते, आणि ते मत गाडी चालवून झाल्यावरही बदलले नाही. तिची रुंदी मात्र महत्त्वाची आहे. १८८७ मिलिमीटर म्हणजे ही दोन दारांची गाडी इनोव्हा हायक्रॉसपेक्षाही रुंद आहे, आणि आमच्या पोडियमच्या दोन खांबांमध्ये तिला उभे करून दार उघडताना मला पोट आत ओढून घ्यावे लागले. रॅम्पवरून उतरताना तिचे नाक घासले नाही, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

बॉनेटखाली तीन लिटरचे, दोन टर्बोंचे, सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरचे इंजिन आहे. एस ५८ नावाचे हे इंजिन एम थ्री आणि एम फोर या थोरल्या भावंडांतही बसवले जाते. मी चालवलेल्या एम टूमध्ये ते ४६० अश्वशक्ती आणि ५५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा पीळ, देत होते, आणि हा टॉर्क इंजिनाच्या मिनिटाला २६५० फेऱ्यांपासूनच हाताशी येत होता. माझ्या केमनमध्ये दोन लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन, ३०० अश्वशक्ती आणि ३८० न्यूटन मीटर. कागदावर तुलना इथेच संपते. पण आम्ही पाम बीच रस्त्याला लागलो, समोर ६० किलोमीटरच्या मर्यादेचा फलक होता, आणि एम टूने ती मर्यादा दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाला नीट जागही न येता, गाठली. उरलेले सहा गिअर आणि निम्म्याहून अधिक ताकद मी सीवूड्सपासून वाशीपर्यंत आणि तिथून परत बेलापूरपर्यंत नुसती वाहून नेली. शंभर किलोमीटरची मुभा असलेल्या अटल सेतूवर जाऊ या, असे मी सुचवून पाहिले, परंतु ठरलेल्या मार्गात तो नव्हता. गेलो असतो तरी शंभरचा वेग म्हणजे हिच्या चार सेकंदांचे काम.

या संथ फेरीतूनही गाडीची बरीच ओळख झाली. सस्पेन्शन कम्फर्टवर ठेवले असता रस्त्याच्या जोडांवरून ती माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळच सभ्यपणे गेली. स्पोर्ट प्लसवर मात्र सकाळचा चहा आठवला. आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स साध्या टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे क्लचऐवजी तेलाच्या प्रवाहातून ताकद पुढे देणारा, आहे. आधीच्या पिढीतल्या एम टूमध्ये दोन क्लचचा गिअरबॉक्स मिळत असे आणि तो काढून टाकल्याबद्दल जुने चाहते हळहळतात, पण सिग्नलच्या रांगेत इंच इंच सरकताना हा नवा गिअरबॉक्स अधिक शहाणा वाटला. सहा गिअरची मॅन्युअल एम टूही मिळते. ती चालवायला मिळाली असती तर कदाचित हा लेख वेगळा झाला असता. स्टिअरिंगचे कडे फार जाड आहे. बीएमडब्ल्यूच्या वेगवान गाड्या घडवणाऱ्या एम विभागाला हे कडे मुठीत न मावण्याइतके जाड का लागते, हे कोडे मला आजवर सुटलेले नाही.

मग मी बेलापूरहून पारसिक हिलवर जाण्याचा आग्रह धरला आणि प्रतिनिधीने, घड्याळाकडे पाहून, होकार दिला. नवी मुंबईत चढ आणि वळणे एकत्र सापडतात अशी ही मोजक्या जागांपैकी एक. सकाळी फिरायला येणारे लोक आणि गतिरोधक यांमुळे तिथेही वेगाचा प्रश्न नव्हता, तरी माझ्या निर्णयाला आधार मिळाला तो या चढावरच. एम टूचे वजन साधारण १७०० किलो आहे. वळणात शिरताना पुढचे टायर घट्ट धरून राहतात, मागची चाके जोर लावतात, सगळे बिनचूक होते. पण आपण एका जड आणि अतिशय बलवान वस्तूला वळवत आहोत, ही जाणीव क्षणभरही सुटत नाही. केमन हिच्यापेक्षा तीनशे किलोंहून अधिक हलकी, तिचे इंजिन आसनांच्या मागे, दोन आसांच्या मध्ये. तिच्या चाचणीच्या वेळी चाळीसच्या वेगातसुद्धा नाक मनात येताच वळत होते. इथे मला ते आठवत राहिले. ज्या शहरात मला गाडी चालवायची आहे तिथे साठच्या आतला आनंदच माझ्या वाट्याला येणार, आणि त्या हिशेबात जास्तीच्या १६० अश्वशक्तीचे मोल मला कमी वाटले. आठवड्याला पुण्याला जाणाऱ्याचा हिशेब अर्थातच वेगळा निघेल.

दोन ठिकाणी मात्र एम टूने मला निरुत्तर केले. मुलगी मागच्या आसनावर तासभर बसली. पाच फूट चार इंच उंचीच्या तिला डोके किंचित कलते ठेवावे लागले, पण ती तक्रार न करता बसली आणि उतरल्यावर तिने सरळ विचारले, "बाबा, तुमच्या गाडीत मी कुठे बसू?" केमनला दोनच आसने आहेत, हे तिला ठाऊक होते. त्यावर, आई घरी असेल तेव्हा पुढे, एवढेच उत्तर माझ्यापाशी होते, आणि २०२३ मध्ये ९८ लाखांच्या शोरूम किमतीला आलेली ही गाडी चार माणसांना जागा आणि सामानाला नीट डिकी देते, हे मला मान्य करावे लागले.

दुसरी गोष्ट आवाजाची. पारसिक हिलच्या माथ्यावरून उतरण्यापूर्वी, रस्ता रिकामा पाहून, मी एकदाच एक्सलरेटर पूर्ण दाबला. सहा सिलिंडरचा तो चढत जाणारा, गुळगुळीत आणि शेवटी धारदार होणारा सूर ऐकल्यावर माझ्या भावी गाडीचे चार सिलिंडरचे इंजिन आठवून मन खट्टू झाले. ते कार्यक्षम आहे, पण त्याचा आवाज काहीसा शिलाई यंत्राच्या वळणावर जातो, असे तिचे चाहतेही खासगीत कबूल करतात.

केमनची मागणी मी रद्द केली नाही. तिच्या बांधणीला अद्याप सुरुवात झालेली नसल्याने मला यादीत बदल करता येत होता. सोमवारी सकाळी फोन करून मी तिच्यात इंजिनाचा आवाज खुलवणारा स्पोर्ट एक्झॉस्ट वाढवून घेतला.