ड्युअल ओव्हरड्राइव्ह एका लूपमध्ये की दोन? वॅम्पलर ड्युअल फ्यूजन आणि बॉस ईएस-८, काही महिने वापरून झाल्यावर

आधी सेटअप सांगतो म्हणजे पुढचं कळेल. टेलिकॅस्टर गिटार थेट बॉस ईएस-८ मध्ये. हा स्विचर, म्हणजे आठ लूपचा डबा: प्रत्येक लूपच्या सेंडमधून सिग्नल एका पेडलला जातो, रिटर्नमधून परत येतो, आणि कुठले लूप चालू ते पॅच म्हणून सेव्ह करून एका पायाच्या दाबाने बदलता येतं. त्याच्या लूप्समध्ये फझ, कॉम्प्रेसर, वॅम्पलर ड्युअल फ्यूजन, कोरस, डिले, रिव्हर्ब, आणि तिथून अ‍ॅम्पला. मी पुण्यात ऑर्केस्ट्रात वाजवतो, त्यामुळे सेट म्हणजे लावणी झाली की लगेच ऐंशीच्या दशकातलं डिस्को, त्यावर फर्माईश आली की एखादं रॉक गाणं, आणि मधे निवेदक बोलतो तेवढाच वेळ. गणपतीच्या आधी हे सगळं बोर्डावर बसवलं, आता लग्नसराई अर्धी उरकलीये, म्हणून लिहायला हरकत नाही.

ड्युअल फ्यूजन म्हणजे एकाच डब्यात दोन वेगळे ओव्हरड्राइव्ह, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम थोडा फाटका करणारे इफेक्ट. टॉम क्वेल या गिटारिस्टचं सिग्नेचर पेडल. चॅनल १ मोकळा, जरा मऊ, चॅनल २ जास्त घट्ट आणि मिड्स (मधल्या फ्रिक्वेन्सी) पुढे असणारा. माझ्याकडे सेकंडहँड घेतलेलं जुनं मोठं व्हर्जन आहे. हे घेण्याचं मुख्य कारण म्हणजे याला चार जॅक आहेत, दोन्ही चॅनलना आपापले इन आणि आउट. आणि मधे एक तीन पोझिशनचा टॉगल, एकीकडे १ मधून २, दुसरीकडे २ मधून १, आणि मधोमध ठेवला की दोन्ही चॅनल पूर्ण वेगळे.

आता बरेच जण काय करतात की ड्युअल पेडल एकाच लूपमध्ये टाकतात, एक सेंड एक रिटर्न, काम झालं. चालतं, पण मग स्विचर फक्त अख्खं पेडल चालू बंद करतो आणि कुठला चॅनल हवा ते तुम्हाला पायानेच ठरवावं लागतं. म्हणजे एकामागून एक पेडल पायाने दाबत बसायच्या ज्या टॅप डान्समधून सुटायला एवढे पैसे मोजले तोच डान्स परत! माझ्या मते चार जॅकचं पेडल असेल तर एक लूप वाचवण्यात काही अर्थ नाही.

वायरिंग साधं आहे. टॉगल मधे. लूप ३ चा सेंड चॅनल १ च्या इनला, चॅनल १ चा आउट लूप ३ च्या रिटर्नला. लूप ४ तसंच चॅनल २ साठी. पेडलवरचे दोन्ही फूटस्विच दाबून चालू करून ठेवायचे आणि नंतर त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही, सिग्नल आत जायचा की नाही ते ईएस-८ बघतो. दोन्ही एलईडी कायम पेटलेले असतात, आमचा कीबोर्डवाला अजून दर शोला विचारतो की अरे ते बंद करायचं राहिलंय का.

खरी मजा ऑर्डरमध्ये आहे. ईएस-८ मध्ये लूप्सचा क्रम प्रत्येक पॅचमध्ये वेगळा सेव्ह करता येतो, त्यामुळे टॉगल फिरवायला खाली वाकायची गरज नाही. चॅनल १ कमी गेनवर (गेन म्हणजे आवाज किती फाटतो ते) ठेवलाय, चॅनल २ जास्तीवर. १ मधून २ केलं की आवाजाची पातळी फार वाढत नाही पण सॅच्युरेशन वाढतं, नोट लांब टिकते, सोलो गायल्यासारखा येतो. उलट केलं, म्हणजे २ आधी आणि १ नंतर, की गेनचा पोत साधारण तसाच राहतो आणि व्हॉल्यूम वर जातो, म्हणजे तोच रिदमचा टोन बँडच्या वर काढायला बरा. हे दोन्ही एकाच गाण्यात एका पायाच्या दाबाने मिळतं. तिसरा प्रकार म्हणजे पॅरलल. ईएस-८ मधल्या मिक्सरने दोन लूप समांतर चालवता येतात आणि ते जमतं फक्त चॅनल वेगळ्या लूपमध्ये असले तरच. पॅरलल करताना कुठल्याही दोन ड्राइव्हच्या बाबतीत एक गोष्ट कानाने तपासा, त्यातला एक जर सिग्नल उलटा करत असेल तर बास गायब होतो आणि आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा वाटतो. मी पॅरलल फार वापरत नाही, स्टेजवर तो फरक ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या खाली कुणालाच ऐकू येत नाही, घरी हेडफोनवर मात्र भारी.

नॉब्स मात्र पॅचप्रमाणे बदलत नाहीत, हे लक्षात ठेवा. शेवटी अ‍ॅनालॉग पेडल आहे. म्हणून आधी दोन्ही एकत्र लावून आवाज जुळवायचा, मग एकेक ऐकायचा. एकेक परफेक्ट करून मग स्टॅक केलं तर हमखास चिखल होतो.

बफरबद्दल थोडं, म्हणजे लांब केबलमध्ये सिग्नल कमजोर होऊ न देणारं सर्किट. ईएस-८ चे इनपुट आणि आउटपुट बफर पॅचनुसार चालू बंद होतात. एवढे लूप, एवढ्या केबल, मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरले तरी गिटारचे हाय्ज (वरच्या फ्रिक्वेन्सी) खाली येतात, म्हणून माझ्या बहुतेक पॅचेसमध्ये इनपुट बफर चालू असतो. फझच्या पॅचमध्ये तेवढा बंद. जर्मेनियमवाल्या फझला समोर बफर आला की तो चिडचिडा वाजतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर जो स्वच्छ व्हायला हवा तो होतच नाही.

केबल हा सगळ्यात कंटाळवाणा भाग. सात लूप म्हणजे चौदा पॅच केबल, त्यातल्या चार एकट्या या पेडलच्या. तयार स्वस्त मोल्डेड केबलींनी भर सीझनमध्ये दगा दिला, त्यातली एक तर हलवली की चालू सोडली की बंद अशी, ती शोधण्यात अख्खा साउंड चेक गेला. नंतर बुधवार पेठेतून चपटे प्लग आणि वायर आणून स्वतः सोल्डर केल्या, तेव्हापासून शांतता. दोन्ही टोकांना लूपचा नंबर लिहिलेली चिकटपट्टी लावा. आणि काही बंद पडलं तर सरळ पेडल काढून त्या लूपच्या सेंडमधून रिटर्नमध्ये एकच केबल लावायची, आवाज आला तर लूप ठीक, दोष पेडलमध्ये किंवा त्याच्या केबलमध्ये.

हमबद्दल, म्हणजे मागे सतत येणाऱ्या घूं आवाजाबद्दल, खूप जण विचारतात. दोन लूप एकाच पेडलला जोडले म्हणून हम वाढला असं मला जाणवलं नाही. पॉवर सप्लाय आयसोलेटेड आहे, म्हणजे प्रत्येक आउटपुट वेगळं, डिजिटल डिले आणि ड्राइव्ह एका डेझी चेनवर (एकाच वायरच्या माळेवर) नाहीत. बाकी मांडवात जनरेटर, अर्थिंगचा पत्ता नाही, बाजूला डिमर लाइट्स आणि माझे सिंगल कॉइल पिकअप, तिथला ५० हर्ट्झ कुठला स्विचर थांबवणार?

जनरेटर म्हटलं की वीज जाणं आलंच, त्यावरून आठवलं. माझ्या पेडलचे फूटस्विच साधे यांत्रिक आहेत, वीज गेली आली तरी जसे होते तसेच. पण रिलेवाली (इलेक्ट्रॉनिक स्विचची) बरीच पेडलं वीज परत आली की बायपासमध्ये, म्हणजे इफेक्ट बंद अवस्थेत, सुरू होतात, मग लूप चालू असूनही ड्राइव्ह येत नाही आणि माणूस केबली उपटत बसतो. आपलं पेडल कुठल्या प्रकारचं आहे ते घरीच प्लग काढून बघून घ्या.

सगळ्या ड्युअल पेडलना चार जॅक नसतात. अ‍ॅनालॉग मॅनचं किंग ऑफ टोन साध्या रूपात एक इन एक आउटच, ते एकाच लूपमध्ये जाणार. कीलीच्या डी अँड एम ड्राइव्हसारख्या पेडलमध्ये टीआरएस जॅक (एकाच जॅकमध्ये दोन सिग्नल) असतात, तिथे वाय आकाराची इन्सर्ट केबल लागते, टिपवर एक चॅनल आणि रिंगवर दुसरा. अशा दोन केबल घ्याव्या लागतात, एक इनला एक आउटला, आणि कुठलं टोक कुठल्या चॅनलचं ते मॅन्युअलमध्ये बघून आधीच खूण करून ठेवलेलं बरं.

ज्यांच्याकडे तीन चारच पेडल आहेत त्यांनी ईएस-८ च्या नादी लागू नये, महाग आहे, जड आहे, आणि बोर्डाची निम्मी जागा खातो. माझा आठवा लूप मी रिकामा ठेवलाय, त्याच्या दोन लांब केबल बोर्डाच्या कडेला बाहेर काढून ठेवल्यात, कुणी नवीन ड्राइव्ह घेऊन आला की लगेच लावून ड्युअल फ्यूजनच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे ऐकता येतो.