भेटी ४१,३०६, ऑर्डर ३ : वेबसाइटच्या आकड्यांवर विश्वास ठेवून मी १,८०,३०० रुपये घालवले

जून ते सप्टेंबर २०२४ या चार महिन्यांत मी नवी मुंबईतल्या एका डिजिटल मार्केटिंग एजन्सीला एकूण १,८०,३०० रुपये दिले. सुरुवातीचे २३,६००, दरमहा १७,७०० प्रमाणे ७०,८००, जाहिरातींसाठी म्हणून दोन हप्त्यांत ४५,००० आणि ३५,०००, आणि ‘यूआरएल पॅरामीटर सेटिंग’ या नावाखाली ५,९०० रुपये. अहवालानुसार या काळात माझ्या वेबसाइटला ४१,३०६ भेटी झाल्या. ऑर्डर आल्या तीन, आणि त्यांतल्या दोन माझ्या मावसबहिणीच्या होत्या.

मी ठाण्यात राहते. गेली नऊ वर्षे घरूनच मसाले आणि दिवाळीचा फराळ करून विकते, थोडी पार्सले परदेशीही जातात. मी अडाणी नाही. हिशेब स्वतः ठेवते, कर भरते, करारही पूर्ण वाचून सही केली होती. परंतु करारात ‘दरमहा किमान १०,००० सेशन्स’, म्हणजे भेटी, असे लिहिले होते आणि ऑर्डरचा शब्द कुठेही नव्हता, याचा अर्थ तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. माणसे दुकानात आली की विक्री होतेच, हा दुकानदाराचा साधा हिशेब मी वेबसाइटला लावला. यात माझी फार मोठी चूक झाली असे मला आजही वाटत नाही.

बॉटच्या, म्हणजे माणसाऐवजी आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, भेटी दाखवून पैसे उकळण्याचा प्रकार आता बहुतेकांना ऐकून माहीत आहे, मलाही होता. म्हणूनच मी पहिल्याच बैठकीत विचारले होते की, या भेटी खऱ्या माणसांच्या असतील हे कशावरून? त्यावर एजन्सीच्या व्यवस्थापकाने, वेबसाइटच्या भेटी मोजणाऱ्या गूगलच्या साधनाचे नाव घेऊन, सांगितले की, ‘ताई, गूगल अ‍ॅनॅलिटिक्स बॉट स्वतःच गाळून टाकते, उरतात ती माणसेच.’ हे अर्धसत्य आहे आणि अर्धसत्यानेच मी फसले. गूगल अ‍ॅनॅलिटिक्स ४ मध्ये ज्ञात बॉट आपोआप वगळले जातात हे खरे, पण ज्ञात म्हणजे ज्यांची नोंद यादीत झालेली आहे तेवढेच. साध्या ब्राउझरचे सोंग घेऊन आलेला, विकत घेतलेला बॉट त्या गाळणीत अडकेलच असे नाही.

आता त्या संध्याकाळविषयी लिहिते, कारण ती आठवली की अजूनही झोप येत नाही. १९ सप्टेंबर, विसर्जन होऊन दोन दिवस झाले होते. चकलीची भाजणी दळून आणली होती आणि किती किलोचा घाणा धरायचा हे ठरवण्यासाठी मी अहवाल उघडला. शहरांच्या रकान्यात सर्वांत वर ठाणे नव्हते, पुणे नव्हते, मुंबईही नव्हती. सर्वांत वर अ‍ॅशबर्न होते, ६,२१२ सेशन्स, सरासरी थांबण्याचा वेळ शून्य सेकंद. त्याखाली बोर्डमन आणि काउन्सिल ब्लफ्स. मी त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून व्यवस्थापकाला पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आले की, अ‍ॅशबर्न व्हर्जिनियात आहे, तिथे आपली मराठी मंडळी भरपूर आहेत, ती सध्या नुसती पाहून जातात, दिवाळी जवळ आली की ऑर्डर पडतील. आदल्या वर्षी मी व्हर्जिनियाला अनारशांचे एक पार्सल खरेच पाठवले होते. त्या एका पार्सलच्या आठवणीने माझे डोळे झाकले. अ‍ॅशबर्न, बोर्डमन आणि काउन्सिल ब्लफ्स या अमेरिकेतल्या तिन्ही ठिकाणी मोठमोठी डेटा सेंटर्स, म्हणजे सर्व्हर-संगणकांची कोठारे, आहेत. फराळाची चौकशी तिथून माणसे करत नव्हती, सर्व्हर करत होते. शून्य सेकंदात कोणते माणूस चकली पाहते, हा प्रश्न मी स्वतःला त्या क्षणी विचारायला हवा होता. मी तो विचारला नाही आणि दुसऱ्या दिवशी ३५,००० रुपयांचा दुसरा हप्ता पाठवला.

त्याच पडद्यावर आणखी एक गोष्ट उघड दिसत होती. भेटी कुठून आल्या हे सांगणाऱ्या तक्त्यात गूगलच्या सशुल्क जाहिरातींच्या तीन वेगवेगळ्या ओळी होत्या. एकीत गूगलचे इंग्रजी स्पेलिंग सगळे लहान अक्षरांत, दुसरीत पहिले अक्षर मोठे, तिसरीत सगळीच अक्षरे मोठी. मला ती छपाईची चूक वाटली. भाऊबीजेला आलेल्या भाच्याने ते पाहिले आणि ताटावरून उठून लॅपटॉप मागितला. त्याने समजावून सांगितले ते असे : यूटीएम पॅरामीटर म्हणजे लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर लिहिलेला मजकूर, तो कोणीही हाताने लिहू शकतो, आणि अ‍ॅनॅलिटिक्स त्यातली लहान-मोठी अक्षरे वेगळी धरते. गूगलच्या खऱ्या जाहिरातीवर क्लिक झाले तर, ऑटो-टॅगिंग चालू असल्यास, पत्त्याला जीसीएलआयडी नावाचा कोड आपोआप जोडला जातो आणि स्रोताचे नाव नेहमी लहान अक्षरांतच येते. आमच्या यादीतल्या पूर्ण पत्त्यांत हा कोड एकदाही नव्हता. म्हणजे कुठल्या तरी स्वस्त ठिकाणाहून विकत घेतलेल्या भेटींवर कोणीतरी हाताने गूगलचे नाव चिकटवले होते, आणि तेही तीन वेळा तीन तऱ्हेने. जाहिरातींचे ८०,००० रुपये जाहिरातींवर गेल्याचा एकही पुरावा नव्हता. जाहिरातींचे खाते एजन्सीच्या नावावर होते आणि मला मिळाले होते ते फक्त एक चित्र. जाहिरातींचे खाते स्वतःच्याच नावाने उघडा, पैसे स्वतःच्या कार्डावरून थेट भरा आणि एजन्सीला केवळ काम करण्याची परवानगी द्या. याला जो नकार देईल त्याच्याशी पुढे बोलू नका.

फिल्टरची गोष्टही अशीच. माझ्याकडे पॅकिंगला येणाऱ्या दोघीजणी लेबल करण्यासाठी दिवसभर आमचीच वेबसाइट उघडतात. त्या भेटी वगळणारा अंतर्गत ट्रॅफिकचा फिल्टर ‘चालू केला आहे’ असे मला लेखी कळवले होते. प्रत्यक्षात तो चाचणी स्थितीतच पडून होता, म्हणजे काहीही वगळत नव्हता. हे पाहायला अ‍ॅडमिनमध्ये डेटा फिल्टर उघडले की पुरते. मात्र फिल्टर घाईने सक्रिय करू नका, कारण तो मागच्या आकड्यांना लागू होत नाही आणि सक्रिय झाल्यावर वगळलेला डेटा परत कधीच मिळत नाही. फिल्टर आपल्या भेटी आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, ओळखतो. घरगुती ब्रॉडबँडचा हा पत्ता बदलत राहतो, त्यामुळे फिल्टरचा नियम अधूनमधून तपासावा लागतो.

५,९०० रुपयांचा मला सर्वाधिक संताप आहे, जरी रक्कम सर्वांत लहान असली तरी. एकाच पानाचे पत्ते पॅरामीटरमुळे वीस-वीस ओळींत विखुरतात, ते सर्च कन्सोलच्या (गूगल शोधात आपली वेबसाइट कशी दिसते हे दाखवणाऱ्या सेवेच्या) यूआरएल पॅरामीटर साधनातून दुरुस्त केले, असे जुलै २०२४ च्या बिलावर छापलेले आहे. हे साधन गूगलने एप्रिल २०२२ मध्येच बंद केले. अस्तित्वात नसलेल्या गोष्टीचे बिल मी अठरा टक्के करासह भरले.

यानंतर मी तक्रार करायला गेले आणि तिथे जे झाले ते फसवणुकीइतकेच मनाला लागले आहे. आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी दीड तास बसवून सांगितले की, एजन्सीचे कार्यालय नवी मुंबईत आहे, तिकडे जा. ट्रान्स हार्बरच्या गाडीने तिकडे गेले तर, पैसे ठाण्यातून पाठवले म्हणून ठाण्यातच तक्रार द्या, असे उत्तर मिळाले. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी, असे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. त्या कलमाची छापील प्रत मी तिसऱ्या खेपेस नेली. ती टेबलावर ठेवून अधिकारी म्हणाले, ‘मॅडम, करारात भेटी लिहिल्या आहेत, त्यांनी भेटी दिल्या, ही दिवाणी बाब आहे. चोरीला नेमके काय गेले?’ चार महिन्यांची कमाई गेली, दिवाळीसाठी छापलेल्या ६०० खोक्यांपैकी ५११ खोकी पलंगाखाली पडून आहेत, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी दुसऱ्या माणसाला पुढे बोलावले. बँकेने सांगितले की पैसे तुम्हीच स्वखुशीने पाठवलेत. ग्राहक तक्रारीसाठी विचारणा केली तर, धंद्यासाठी घेतलेली सेवा असल्याने तुम्ही ग्राहकच नाही, असे खिडकीवरच्या गृहस्थांनी कागद न वाचताच सांगितले. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यांसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अपवाद आहे, हे त्यांना माहीत नव्हते की सांगायचे नव्हते, मला कळत नाही. फसलेल्या माणसानेच कायदा शिकून यायचा आणि तो शिकवल्याबद्दल बोलणीही खायची, ही रीत मला मान्य नाही.

पुराव्याचा प्रश्न आला तेव्हा आणखी एक धक्का बसला. अ‍ॅनॅलिटिक्समध्ये तपशीलवार डेटा राखण्याची मुदत मूळ सेटिंगनुसार दोन महिने असते. ती १४ महिन्यांपर्यंत वाढवता येते, पण मला कोणी सांगितले नव्हते. नोव्हेंबरच्या मध्यावर मी शोध घ्यायला बसले तेव्हा जून, जुलै आणि ऑगस्टच्या सविस्तर नोंदी निघून गेल्या होत्या, केवळ ठरावीक अहवालांतली बेरीज उरली होती. ही मुदत आजच, हे वाचून झाल्यावर, वाढवून घ्या. कोणत्या खात्यातून कोणती सेटिंग कधी बदलली हे बदलांच्या इतिहासात दिसते, त्याचेही फोटो काढून ठेवा. माझ्याकडे तारखेसह उरलेला भक्कम पुरावा म्हणजे १९ सप्टेंबरला व्यवस्थापकाला पाठवलेला तोच अ‍ॅशबर्नचा फोटो आणि त्याखालचे त्याचे उत्तर.

एजन्सीचा प्रवेश मी काढून टाकला आहे. सर्व परवानग्या माझ्या नावावर घेतल्या, फिल्टर आठवडाभर चाचणीत ठेवून मग सक्रिय केला, आणि लिंकमध्ये यूटीएम लिहिताना सर्व अक्षरे लहानच ठेवायची हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. आता महिन्याला ३८० च्या आसपास भेटी दिसतात. जिल्हा ग्राहक आयोगाकडे करायच्या अर्जाचा मसुदा तयार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, आणि तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते. ठाणे किंवा नवी मुंबईतल्या कोणाला सर्च कन्सोलच्या यूआरएल पॅरामीटरचे २०२२ नंतरचे बिल मिळाले असेल, तर ते फाडू नका, जपून ठेवा.