हायड्रॉलिक विंग स्लायडर: स्प्रिंट कारवर एक हंगाम वापरल्यानंतर

अमेरिकेतील आयोवा राज्यात नॉक्सव्हिल रेसवेच्या अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर शनिवारी रात्री 360 वर्गात (हा आकडा इंजिनाच्या घनइंचातील आकारमानाचा) धावणाऱ्या एका छोट्या संघात मी चेसिसच्या जुळणीचे काम पाहतो. आमचा चालक लहान इंजिनाच्या 305 वर्गाच्या गाडीवर होता तेव्हा तिची वरची विंग बोल्टने एका जागी आवळलेली असे आणि शर्यत सुरू झाल्यावर तिला हात लावता येत नसे. 360 ची गाडी बांधताना आम्ही हायड्रॉलिक स्लायडर घेतला. त्यामुळे चालकाला बसल्या जागेवरून, धावत्या गाडीत विंग पुढे-मागे सरकवता येते. वसंतापासून हंगाम संपेपर्यंत तो वापरून झाल्यावर माझे मत असे बनले आहे की ही वस्तू घेण्यासारखी आहे. मात्र गाडीची मूळ जुळणी कच्ची असेल, तर हीच वस्तू तो कच्चेपणा बेमालूम झाकून ठेवते.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. स्प्रिंट कारला क्लच नसतो, नेहमीसारखा गिअरबॉक्स नसतो आणि स्टार्टरही नसतो. मागून ट्रकने ढकलून ती सुरू करावी लागते. डोक्यावर पाच बाय पाच, म्हणजे 25 चौरस फुटांची विंग असते आणि नाकावर 6 चौरस फुटांची लहान विंग असते. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो, तशी ही विंग हवेच्या जोरावर गाडीला खाली दाबते, आणि वेग दुप्पट झाला की हा दाब चौपट होतो. वरच्या विंगच्या दोन्ही बाजूंना उभे पत्रे असतात, ते केवळ प्रायोजकांची नावे रंगवण्यासाठी नसतात. डावीकडच्या वळणात गाडी नाक आत वळवून तिरकी घसरत जाते, तेव्हा हवा उजव्या अंगाने या पत्र्यांवर आदळते आणि गाडीला वळणाच्या आत ढकलते. हा धक्का उंचावर लागत असल्याने उजवीकडे कलू पाहणारी गाडी काहीशी सावरते आणि डाव्या चाकांवरही भार टिकून राहतो.

विंग सरकवल्याने नेमके काय होते, हे साध्या हिशेबाने कळते. पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर 87 इंच धरले, तर विंग नऊ इंच मागे नेल्यावर तिच्या एकूण दाबाचा जवळजवळ दहावा हिस्सा पुढच्या आसावरून मागच्या आसावर जातो. म्हणून विंग मागे नेली की मागची चाके माती धरतात आणि गाडी ‘टाइट’ होते, म्हणजे नाक वळायला कुचरते. पुढे आणली की नाक चटकन वळते आणि मागची बाजू सैल सुटते. शर्यतीच्या सुरुवातीला माती ओलसर आणि चिकट असते, मागे पकड भरपूर मिळते आणि गाडी वळता वळत नाही, त्यामुळे विंग पुढे ठेवणे सोयीचे ठरते. पुढे नॉक्सव्हिलची काळी माती चाकांखाली रगडली जाऊन चकाकू लागते आणि मागची पकड कमी होत जाते. त्यातच मिथेनॉलची टाकी मागच्या आसाच्याही मागे असते आणि त्याच्या प्रत्येक गॅलनचे वजन साधारण तीन किलो भरते. म्हणजे पकड हवी असते नेमक्या त्याच वेळी मागचे वजनही घटत असते. शर्यतीच्या उत्तरार्धात विंग टप्प्याटप्प्याने मागे नेता येणे हा स्लायडरचा खरा उपयोग असून, पैसे वसूल होतात ते इथेच.

यंत्रणा साधी आहे. पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचेच तेल एका झडपेतून विंगखालच्या सिलिंडरकडे जाते आणि चालकाच्या डाव्या हाताशी असलेला छोटा दांडा पुढे-मागे केला की विंग रुळांवर सरकते. पुढच्या आणि मागच्या खांबांच्या उंचीतील फरकाने ठरवलेला विंगचा कोन मात्र स्लायडरने बदलत नाही. तो पिटमध्येच, म्हणजे ट्रॅकबाहेर गाडी उभी करतात त्या जागेत, बदलावा लागतो. सरकण्याचा वेग नियंत्रित करणारा एक स्क्रू असतो, त्याकडे लोक फारसे लक्ष देत नाहीत. तो फार मोकळा ठेवला तर विंग झटक्याने सरकते, आणि वळणाच्या मधोमध असे झाल्यास मागच्या चाकांवरचा भार एकाएकी बदलतो. आम्ही वेग मुद्दाम कमी ठेवला आहे, आणि दांड्याला हात लावायचा तो सरळ पट्ट्यातच, असा नियम घालून घेतला आहे.

आता झाकल्या जाणाऱ्या कच्चेपणाविषयी. सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर आम्ही प्लॅस्टिकची एक पट्टी, साधा झिप टाय, घट्ट बसवतो. विंग जितकी मागे जाते तितकी ही पट्टी ढकलली जाते आणि तिथेच थांबते. गाडी परत आल्यावर चालक काय सांगतो हे ऐकण्याआधी मी ती पट्टी पाहतो. अर्ध्या शर्यतीतच विंग मागच्या टोकाला पोहोचली असेल, तर पुढच्या फेऱ्यांसाठी चालकाच्या हाती काहीच शिल्लक राहत नाही, आणि मग दोष विंगमध्ये न शोधता चेसिसमध्ये शोधावा लागतो: उजव्या व डाव्या मागच्या टायरच्या परिघातला फरक, म्हणजे स्टॅगर, जास्त झाला आहे का, उजव्या मागच्या चाकाचा टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारी सळई) गरजेपेक्षा कडक आहे का, हे तपासावे लागते. विंग मध्याच्या थोडी पुढे असताना सुरुवातीच्या मातीवर गाडी समतोल वागली पाहिजे, अशी मूळ जुळणी ठेवली तरच स्लायडरला दोन्ही बाजूंना वाव राहतो.

गर्दीत धावतानाचा अनुभव याहून गुंतागुंतीचा आहे. पुढच्या गाडीच्या मागे विस्कटलेल्या हवेत नाकावरच्या विंगचे काम मंदावते, गाडी वळेनाशी होते आणि चालकाचा हात आपसूक विंग पुढे घेण्याकडे जातो. पण ओलांडून मोकळ्या हवेत आल्याबरोबर पुढच्या टोकाला पकड परत मिळते आणि पुढे आणलेल्या विंगमुळे मागची बाजू सुटू लागते. माझ्या मते अशा वेळी विंगला हात न लावता मार्ग बदलून नाकाला मोकळी हवा मिळवणे अधिक शहाणपणाचे आहे. आमच्या चालकाला हे अजून पूर्णपणे पटलेले नाही, आणि स्टिअरिंग त्याच्या हातात असल्याने वाद तिथेच थांबतो.

शेजारच्या साउथ डकोटातील ह्यूसेट्स स्पीडवे 3/8 मैलाचा आणि चांगल्या उताराच्या वळणांचा आहे. तिथे सरळ पट्टा संपतो न संपतो तोच पुढचे वळण येते आणि दांडा हलवायला उसंत मिळत नाही, म्हणून पिवळ्या झेंड्याखाली गाड्या सावकाश फिरत असतानाच बदल उरकावा लागतो. केवळ अशाच छोट्या ट्रॅकवर धावणाऱ्यांनी स्लायडरआधी चांगल्या शॉक अॅब्सॉर्बरवर खर्च करावा, असे मी सुचवेन.

तक्रारी दोन आहेत. उत्पादकाने दिलेल्या सूचनापत्रात यंत्रणेतील हवा कशी काढावी याबद्दल जेमतेम दोन ओळी होत्या, आणि सिलिंडरचे सील हंगामाच्या मध्यापासून पाझरू लागले. पाझर किरकोळ वाटला तरी तेल स्टिअरिंगशी सामाईक आहे. पातळी फार खाली गेली तर विंग अडकण्याबरोबर स्टिअरिंगही जड होते, आणि एवढ्या वेगात ते परवडणारे नाही. म्हणून प्रत्येक वेळी ट्रॅकवर उतरण्याआधी तेलाची पातळी पाहणे आम्ही सक्तीचे केले आहे. रुळांवर वाळलेली माती रात्रीच धुऊन काढावी लागते, नाहीतर सरकणारे प्लॅस्टिकचे ठोकळे घासून सैल होतात आणि विंग हादरू लागते. मात्र धुताना पाण्याचा जोराचा फवारा थेट सीलवर मारू नये.

चालकाला धावत्या गाडीत विंग हलवू द्यायची की नाही, याचे नियम वर्गानुसार आणि ट्रॅकनुसार बदलतात, त्यामुळे खरेदीआधी आपल्या वर्गाचे नियम वाचावेत. येत्या हिवाळ्यात आम्ही सिलिंडर उघडून सर्व सील बदलणार आहोत आणि तेलाच्या नळ्या उष्ण एक्झॉस्टपासून आणखी दूर नेणार आहोत.