वार्निश नको म्हटलं होतं

मामांनी 1974 साली ब्राझीलहून आणलेलं मॉर्फो फुलपाखरू आणि आमच्या रामबागेतल्या अंगणात मेलेला सापडलेला हिरवागार ज्वेल बीटल भुंगा, दोघं एकाच पेटीत नांदत होते. पेटीला वाळवी लागली, म्हणून खजुरी बाजाराजवळच्या एका फ्रेमवाल्याकडे नवी करायला टाकली.

सुतारकाम एक नंबर. सागवान, कोपऱ्यात नख शिरत नाही. पंख आणि काच यांच्यात बोटभर जागा ठेवा म्हटलं होतं, ठेवली. मागची बाजूही घट्ट बंद केली. रंग टिकतो म्हणून निर्धास्त राहिलं, की वाळलेले किडे खाणारे बारके भुंगेरे आत शिरतात आणि टाचणीला नुसता भुगा उरतो.

पण ते वार्निश! "आंटीजी, ऊपर से मार दूं? चमक आ जाएगी." नको म्हटलं, तरी मी वळेपर्यंत पोऱ्याने भुंग्यावर फवारलंसुद्धा. भुंग्याचं नशीब चांगलं. त्याचा हिरवा रंग कवचातल्याच पातळ थरांवरून परतणाऱ्या उजेडाचा. वरून काहीही फासा, आतले थर जागच्या जागी. पुढचा नंबर मॉर्फोचा होता. मी डबाच हिसकावला.

मॉर्फोच्या निळ्यात निळा रंग नाहीच मुळी. खवल्यांवर अतिबारीक कंगोरे, मध्ये हवा, त्यातून हा निळा उठतो. कॉलेजात शिकवायचे तेव्हा एका सुट्या पंखावर स्पिरिटचा थेंब टाकून दाखवायचे: क्षणात हिरवा, वाळला की परत निळा. पोरं टाळ्या वाजवायची. वार्निश मात्र उडून जात नाही, त्या फटींत कायमचं बसतं.

सगळीच चमक टिकते असंही नाही म्हणा. लहानपणी बेशरमाच्या पानावरचा सोनेरी किडा मी काडेपेटीत ठेवला होता. मेल्यावर तपकिरी झाला. त्याचं सोनं कवचातल्या ओलाव्यावर चालतं.

काच आधी मॅट लावली होती, मॉर्फो राखेसारखा दिसला. बदलून साधी लावली, पैसे न घेता. एकूण 1,450 रुपये. चार दिवस सांगून अकरा लावले. सुतारकामासाठी परत जाईन, पण स्वतः समोर बसून. भुंग्याच्या पाठीवरचा वार्निशचा ओघळ ट्यूबलाइटखाली अजून दिसतो.